अर्ध्या बाटल्यांचा अबोला

मी एक बाटली बोलतेय. हो, बाटलीच. तपकिरी काचेची, रुंद तोंडाची, काळ्या झाकणाची. आजवर मला सांगणारी माणसं ढिगानं भेटली, माझं ऐकून घेणारं एकही भेटलं नाही, म्हणून आता मीच तोंड उघडते. चिडूनच बोलणार आहे, हे आधी सांगून ठेवते. नंतर तक्रार नको.

काचेच्या भट्टीत माझा जन्म झाला. माझ्याबरोबरच्या बहिणी कुठेकुठे गेल्या. कुणाच्या पोटात खोकल्याचं औषध गेलं, कुणाच्या पोटात मध. माझ्या पोटात आले सोडियमचे तुकडे. सोडियम म्हणजे धातू, पण धातूची शान काही त्याच्यात नाही. सुरीनं लोण्यासारखा कापला जातो. वारा लागला की काळवंडतो आणि पाणी दिसलं की पेटून उठतो. म्हणून त्याला जन्मभर रॉकेलात बुडवून ठेवायचं. असा तापट पाहुणा पोटात घेऊन शांत उभं राहणं हे माझं काम. ते मी चोख केलं. कुणाची तक्रार असेल तर पुढे या.

मी आले ती एका कॉलेजात. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेमागे एक चिंचोळी खोली होती. तिला सगळे स्टोअर म्हणत. एक खिडकी, एक नळ, त्याखाली दगडी मोरी, आणि तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या. नळापासून सगळ्यात लांबच्या फळीवर माझी जागा. माझ्या शेजारी पोटॅशियमची बाटली, माझ्यासारखीच तपकिरी. ती माझ्याहून वयानं मोठी आणि तिच्यातला माल माझ्यातल्या मालापेक्षा दहापट तापट. पोटॅशियमला नुसतं म्हातारपणही सोसत नाही. रॉकेलात बुडवून ठेवला तरी वर्षानुवर्षांनी त्याच्या अंगावर पिवळट खपली धरते, आणि ती खपली धातूहूनही घातक. खरवडायला जाल तर भडका.

आम्हा दोघींत हातभर अंतर असायचं. ते तेव्हाच्या सरांनी ठेवलं होतं. पोरांना आत आणलं की म्हणायचे, “यांचा शेजार चालेल, संसार नको.” एवढं साधं वाक्य. पण सर निवृत्त झाले आणि ते वाक्यही त्यांच्याबरोबर निवृत्त झालं.

सरांच्या जागी विभागप्रमुख म्हणून आल्या त्यांच्याच विद्यार्थिनी. त्यांना कॉलेज मॅडम म्हणे. पण स्टोअर सांभाळणाऱ्या बाई होत्या त्यांच्या सख्ख्या भावाची बायको. म्हणून मी एकीला नणंदबाई म्हणेन, दुसरीला वहिनी. दोघी एकाच घरातून एकाच स्कूटरवर यायच्या. नणंदबाई चालवायच्या आणि वहिनी मागे बसून सूचना करायच्या. डबा दोघी स्टोअरमध्येच खायच्या, माझ्या फळीसमोरच्या टेबलावर. रसायनांच्या खोलीत बसून खाऊ नये हे दोघींना पाठ होतं. पोरांना रागवायच्या त्यावरून! स्वतःवर वेळ आली की मात्र, “जाऊ दे गं, आपलं घरचंच आहे.”

काय बोलायच्या त्या! घरातल्या गोष्टी, कॉलेजातल्या गोष्टी, एकीचा भाऊ म्हणजे दुसरीचा नवरा, त्याचा तर रोज पंचनामा.

“तुमच्या भावाचा ओला टॉवेल आज पुन्हा पलंगावर.”

“तुझा नवरा गं तो. माझा भाऊ होता तेव्हा दोरीवर वाळत घालायचा.”

आणि हसायच्या. मला ते हसणं आवडायचं. सांगायला लाज कसली?

वहिनींना एक सवय होती. दोन अर्ध्या बरण्या त्यांना बघवत नसत. घरी साखर असो, साबणाचा चुरा असो, दोन डब्यांत अर्धं-अर्धं दिसलं की एकात ओतायचं आणि दुसरा डबा घासून पालथा घालायचा. सासूबाईंनी लावलेली सवय, असं त्या अभिमानानं सांगायच्या. पण स्टोअरमध्ये ही सवय त्यांनी कधी आणली नव्हती. रसायनशास्त्र त्याही शिकल्या होत्या. इथे अर्ध्या बाटल्या अर्ध्याच राहायच्या, आणि त्यांची दाटी व्हायची. होऊ दे. दाटीनं कुणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडवलं ते नणंदबाईंच्या जिभेनं.

काही महिन्यांनी कॉलेजची पाहणी होणार होती. बाहेरून मोठी मंडळी येणार, म्हणून प्राचार्यांनी सगळ्यांची बैठक घेतली. तिथे कुणीतरी विचारलं, रसायनशास्त्राचं स्टोअर एवढं गबाळं का? नणंदबाई म्हणाल्या, “काय सांगू! आमच्याकडे अर्ध्या बाटल्यांचा बाजार मांडलाय. सांगूनही कुणी आवरत नाही.” सगळे हसले. वहिनी मागच्या बाकावर बसल्या होत्या.

हे मला वहिनींनीच सांगितलं. स्टोअरमध्ये येऊन, दार लावून, मला फडक्यानं पुसता पुसता. डोळे भरले होते. “एका ताटात जेवतो आम्ही. मला घरी सांगायचं होतं ना. चारचौघांत कशाला?”

बरोबर होतं त्यांचं. पण हे नणंदबाईंना सांगायचं सोडून मला कशाला? मी काय करणार होते, लोणचं घालणार होते या गोष्टीचं?

त्या दिवसापासून अबोला. स्कूटर एकच, पण मागची सीट रिकामी. वहिनी बसनं येऊ लागल्या. डबे दोन झाले. आणि काम तर दोघींचं एकत्र! बोलल्याशिवाय चालणार कसं? मग त्यांनी तोडगा काढला. एकमेकींशी बोलायचं नाही, माझ्याशी बोलायचं. घरात अबोला असला की मांजराला नाहीतर भिंतीला निरोप देतात, तशी ही नेमणूक माझ्यावर आली.

“बाटलीबाई, कुणाला तरी सांगा, दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला आम्ल लागणार आहे.”

“बाटलीबाई, सांगा, आम्ल सकाळीच टेबलावर ठेवलंय. डोळे उघडून बघावं माणसानं.”

समोरासमोर उभ्या राहून! एकमेकींच्या नाकाला नाक लागेल एवढ्या जवळ! वय किती, शिक्षण किती, आणि वागणं बघा. मला तर कपाळावर हात मारून घ्यावासा वाटे. पण मला ना कपाळ, ना हात.

पाहणीच्या आदल्या दिवशी नणंदबाई स्टोअरच्या दारात आल्या. नजर माझ्यावर. “बाटलीबाई, उद्या माणसं येतायत. एकाही फळीवर अर्धी बाटली दिसता कामा नये. सांगितलेलं कळतं की नाही कुणाला, देव जाणे.”

त्या गेल्या आणि वहिनींनी पदर खोचला. “नको ना अर्धी बाटली? घ्या मग. एक ठेवत नाही.”

रागाच्या हातांना मी घाबरते. तरी सुरुवातीला वहिनींचं भान सुटलं नव्हतं. मिठाच्या दोन बाटल्यांची एक, तुरटीच्या दोन बाटल्यांची एक. सारख्यात सारखं. फळ्या मोकळ्या होत गेल्या तसा त्यांचा हात भरभर चालू लागला. त्या घाईत कोपराचा धक्का लागून एक थर्मामीटर खाली पडला आणि फुटला. पाऱ्याचे मणी फरशीवर पळाले. वहिनींनी ते ड्रॉपरनं एकेक करून ओढून घेतले आणि पाऱ्याच्या बाटलीत सोडले. ही पाऱ्याची बाटली म्हणजे जाड काचेची एक बुटकी. तळाशी सांडलेला पारा आणि पाऱ्यावर पाण्याचा थर, म्हणजे विषारी वाफ वर येत नाही. तिथली नेहमीची रीत.

मग त्या आमच्यापाशी आल्या. एका हातात मी, दुसऱ्या हातात पोटॅशियम. दोघीही अर्ध्या.

त्या थांबल्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर लोक काय काय बोलले. वहिनी थांबल्या. “दोघांनाही रॉकेलच लागतं,” त्या पुटपुटल्या. “दोघे एकाच घराण्यातले. पण तरी... विचारावं का?”

विचारा! मी मनातल्या मनात ओरडले. बाई, विचारा!

आणि त्या खरंच निघाल्या हो. आम्हा दोघींना टेबलावर ठेवून त्या नणंदबाईंच्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या. स्टोअरच्या दारातून मला सगळं दिसत होतं. वहिनी उंबऱ्याशी उभ्या. नणंदबाईंनी मान वर केली, वहिनींना पाहिलं, आणि खुर्ची खिडकीकडे फिरवली. पाठ केली.

वहिनी तशाच मागे फिरल्या. टेबलापाशी आल्या. ओठ घट्ट मिटलेले. चिमट्यानं पोटॅशियमचे तुकडे उचलून त्यांनी माझ्यात टाकले. तुकडे रॉकेलाच्या वर डोकावत होते, म्हणून काचेच्या कांडीनं खाली दाबले. सोडियमवर पोटॅशियम, त्यावर पुन्हा सोडियम, चांगले चेपून. झाकण लावलं. नवी चिठ्ठी चिकटवली, सुंदर अक्षरात: सोडियम-पोटॅशियम. रिकामी बाटली त्यांनी बाजूला ठेवली आणि हात झटकले.

असंगाशी संग, प्राणाशी गाठ म्हणतात, ते माझ्या पोटात सुरू झालं. हे दोन धातू वेगवेगळे असताना घट्ट, मेणासारखे. पण अंगाला अंग घासलं, वरची काळी खपली सुटली आणि आतलं ताजं अंग एकमेकाला लागलं की दोघेही वितळतात. आच नको, काही नको. तुकड्यांमधून चकचकीत थेंब पाझरू लागले आणि माझ्या तळाशी साचू लागले. चांदीसारखे, पातळ. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो. इथे गुण लागलाच, वाणही बदलला. सोडियमचा राग एक आणि पोटॅशियमचा राग दोन अशी बेरीज नव्हती ती. एकेकटे असताना हे तुकडे जागच्या जागी तरी बसायचे. आता राग वाहता झाला. तो ड्रॉपरमध्ये चढू शकत होता, फटीत शिरू शकत होता, सांडला तर पसरू शकत होता. त्यात वरून पोटॅशियमची जुनी पिवळी खपली रॉकेलात तरंगत होती. आधीच तारे, त्यात गेले वारे!

मी हे सगळं जाणत होते आणि तोंडावर झाकण होतं. इतके महिने दोघींचे निरोप माझ्याकडे, आणि एकुलता एक खरा निरोप द्यायची वेळ आली तेव्हा मी मुकी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी लवकर आल्या. फळ्या आरशासारख्या पुसलेल्या. शेवटचं म्हणून त्यांनी मला उचललं, फडकं फिरवलं, आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

“अगं बाई!” त्यांचा चेहरा उतरला. “पारा!”

पारा नव्हता हो तो! पण त्यांचं तरी काय चुकलं? कालच तिथे थर्मामीटर फुटला होता आणि त्यानंतर लगेच माझं झाकण उघडलं होतं. पातळ, चांदीसारखा धातू त्यांनी आयुष्यात एकच पाहिला होता. पदराला चिकटलेले थोडे मणी माझ्यात पडले असणार, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. आता पाहणीची मंडळी येणार, सोडियमच्या बाटलीत पारा बघणार, आणि पुन्हा चारचौघांत हसं होणार. ते त्यांना नको होतं. जीव गेला तरी नको होतं.

त्यांनी मला मोरीजवळच्या टेबलावर ठेवलं. झाकण उघडलं. ती बुटकी पाऱ्याची बाटली आणली, तिचंही बूच काढलं. पाऱ्यावर पाणी चमकत होतं. कालचाच ड्रॉपर घेतला, रॉकेलातून अलगद माझ्या तळाशी नेला आणि रबर सोडलं. चांदी नळीत चढली.

आता काय होणार ते तुम्हालाही कळलं असेल. पाण्याच्या नुसत्या वासानं उठणारी ती वस्तू, आणि त्या ती पाण्यात सोडायला निघाल्या होत्या. चेहरा बाटलीच्या तोंडावर वाकवून. थेंब बाहेर पडू नये म्हणून डोळे जवळ नेऊन.

तेवढ्यात दारात नणंदबाई. पाहणीची मंडळी फाटकाशी आल्याचं सांगायला आल्या असाव्यात. त्यांनी माझ्यावरची नवी चिठ्ठी वाचली. नळीतली चांदी पाहिली. रंग उडाला तोंडाचा.

आणि त्या काय म्हणाल्या, सांगू? तेव्हासुद्धा?

“कुणीतरी... कुणीतरी ती नळी खाली ठेवावी!”

कुणीतरी! अहो, त्या खोलीत कुणीतरी नावाचं माणूस होतं का? इतक्या महिन्यांत वहिनींचे कान या हवेतल्या बोलण्याला पार निर्ढावले होते. त्यांनी मानही वर केली नाही. “बाटलीबाई, सांगा त्यांना, आवरतेच आहे. एक मिनिट दम धरायला सांगा.” आणि हात पाऱ्याच्या बाटलीवर नेला.

“वहिनी!”

भिंती हादरतील अशी ती हाक. “वहिनी, सोड ते! पारा नाही तो! मागे हो!”

वहिनी दचकल्या. त्यांनी तोंड वळवलं, हाक आली तिकडे. पण दचकलेल्या हाताची बोटं दाबली गेली आणि एक थेंब खालच्या पाण्यात सुटला. नणंदबाई तोवर धावत पोचल्या होत्या. डाव्या हातानं त्यांनी वहिनींना खांद्याला धरून मागे लोटलं, उजव्या हाताचा फटका मारून ती नळी दूर उडवली, आणि तो हात अजून पाऱ्याच्या बाटलीवरच होता तेव्हा ती बाटली फुटली.

आवाज, जांभळा भडका, काचा. नळी खिडकीखाली फरशीवर पडून तिथे आपली वेगळी जळत होती. मी उघड्या तोंडानं टेबलावर. एक ठिणगी माझ्यात पडती तर ही गोष्ट सांगायला मी नसते, आणि त्या दोघीही नसत्या. नणंदबाईंनी डाव्या हातानं माझं झाकण ओढलं आणि माझ्यावर दाबलं. वहिनींनी मला उचलून दाराबाहेरच्या कोरड्या वाळूत नेऊन ठेवलं, नळापासून लांब. मग परत धावल्या आणि नळ पूर्ण सोडला, नणंदबाईंचा हात त्याखाली धरला. दोघी रडत होत्या. पाणी वाहत होतं आणि त्यांच्या तोंडून महिनोन् महिने तुंबलेलं सगळं एकदम बाहेर पडत होतं.

“विचारायचं नाही का गं मला?”

“आले होते विचारायला! पाठ केलीत तुम्ही!”

“मग ओरडायचं! डोक्यात दगड घालायचा माझ्या!”

“हात वर करू नका, पाण्याखाली राहू दे!”

प्राचार्य आले, पाहणीची मंडळीही नाकाला रुमाल लावून जिन्यात उभी. खोलीत पारा सांडलाय म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं. प्राचार्यांनी चढ्या आवाजात विचारलं, “हे दोन धातू एकत्र कुणी केले?”

“मी,” वहिनी म्हणाल्या.

“आम्ही,” नणंदबाई म्हणाल्या. ओल्या फडक्यात गुंडाळलेला हात छातीशी धरलेला. “मी सांगितलं अर्धी बाटली दिसायला नको. हिनं ऐकलं. ही विचारायला आली, मी तोंड फिरवलं. काय लिहायचं ते दोघींच्या नावावर लिहा. एकटीच्या नावावर लिहिलंत तर मी इथे काम करणार नाही.” चारचौघांतच बोलल्या. जिन्यात सगळ्यांना ऐकू गेलं.

पुढचं फार नाही. दोघींनाही समज मिळाली. नोकऱ्या राहिल्या. नणंदबाईंच्या हाताच्या जखमा भरल्या, पण उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. वळतील असं डॉक्टरही ठामपणे म्हणत नाहीत. मला याचा राग येतो. एका प्रश्नाची किंमत दोन बोटं? हा कुठला व्यवहार?

मी इथे आहे, वर्गामागच्या पडवीत, लोखंडी पेटीत कोरड्या वाळूत गळ्यापर्यंत. मला आता कुणी उघडू शकत नाही, धुऊ शकत नाही, पुन्हा वापरू शकत नाही. अशा वस्तू नष्ट करणारा एक जाणकार माणूस येणार आहे. तो मला लांब मोकळ्या जागी नेऊन पोटातल्या मालासकट संपवणार. ठीक आहे. मी काच आहे, भट्टीतून आले होते, आगीचं मला नवल नाही.

तुम्हाला एवढंच सांगते. तुमच्या घरात तपकिरी बाटल्या नसतील. पण दोन माणसं असतील, आणि कधी ना कधी त्यांचं बिनसेल. खुशाल भांडा. भांडी फुटेपर्यंत भांडा. पण भिंतीला, मांजराला, बाटलीला निरोप देऊ नका. आम्हाला सगळं कळतं आणि काहीच सांगता येत नाही, याचा फार जाच होतो.

वर्गात तास सुरू झालाय. खिडकी उघडी आहे, इथे सगळं ऐकू येतं. नणंदबाईंना खडू धरता येत नाही, म्हणून त्या बोलतात आणि फळ्यावर वहिनी लिहितात. खडूची करकर ऐकू येते.

“अक्षर मोठं काढ जरा, मागच्यांना दिसू दे.”

“दिसतं मागच्यांना. तुम्ही पुढचं सांगा.”

“लिही. सोडियम आणि पोटॅशियम एका बाटलीत कधीही ठेवू नयेत.”

करकर थांबते.

“ताई, का ते पण लिहू?”

“विचारतेस काय? लिही की.”

“विचारलेलं बरं,” वहिनी म्हणतात.

वर्ग हसतो. नणंदबाई हसत नाहीत. मग म्हणतात, “हो. तेही लिही.”

फाटकाशी गाडी थांबली. जाड हातमोजे घातलेला माणूस इकडेच येतोय. येते मी.